खाणीपासून टेकडीपर्यंत : सिसिलीतील अपूर्ण ग्रीक मंदिरे

ग्रीक मंदिराचे अवशेष पाहताना पाहणाऱ्याचे लक्ष सहसा हरवलेल्या गोष्टींकडे असते. छप्पर कधी कोसळले, मूर्ती कोणी नेली, शिल्पे आज कोणत्या देशाच्या संग्रहालयात आहेत, याचा हिशेब मांडण्यातच माहितीफलकांचा बराचसा मजकूर खर्ची पडतो. इटलीच्या दक्षिणेस असलेल्या सिसिली बेटाच्या पश्चिम भागात मात्र अशी काही स्थळे आहेत, की तेथे हा हिशेब उलट्या बाजूने मांडावा लागतो, कारण तेथील कामे मोडण्याआधी मुळात पुरीच झालेली नव्हती. कूझाच्या दगडखाणी, सेलिनुन्ते येथील ‘जी’ या अक्षराने ओळखले जाणारे प्रचंड मंदिर आणि सेजेस्ताच्या टेकडीवरील खांबांची रांग या तीन ठिकाणी बांधकाम तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबले, आणि त्यामुळे पूर्ण झालेल्या मंदिरांनी झाकून टाकलेली पाथरवटांची कामाची रीत येथे उघड्यावर राहिली. बहुतेक प्रवासी पालेर्मो शहरापासून सुमारे ७५ किलोमीटरांवर असलेले सेजेस्ता आधी पाहतात, कारण ते वाटेवर पडते. पण समजून घेण्याच्या दृष्टीने खाणीपासून सुरुवात करून दगडाच्या मागोमाग जाणे अधिक फलदायी ठरते, जरी सेजेस्ताचा दगड कूझाचा नसला तरी.

इसवी सनपूर्व आठव्या शतकापासून ग्रीक लोकांनी सिसिलीच्या किनाऱ्यावर वसाहती उभारल्या, आणि त्यांपैकी एका वसाहतीतील लोकांनी सातव्या शतकात बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर सेलिनस, म्हणजे आजचे सेलिनुन्ते, वसवले. ‘सेलिनॉन’ हे कोथिंबिरीच्या कुळातील रानटी सेलरीचे ग्रीक नाव. ती तेथे विपुल उगवत असे आणि तिचे पान या नगराच्या नाण्यांवरही उमटलेले दिसते. गव्हाने समृद्ध झालेल्या या नगराने साधारण दीड शतकात इतकी मंदिरे बांधली, की त्यांपैकी अनेकांच्या देवता आज निश्चित सांगता येत नाहीत आणि संशोधकांनी त्यांना केवळ रोमन लिपीतील अक्षरांची नावे दिली आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे, ती अशी, की ग्रीक मंदिर हे भाविकांनी आत जमण्याचे ठिकाण नव्हते. ते देवाच्या मूर्तीचे आणि तिला वाहिलेल्या संपत्तीचे घर होते, तर यज्ञ, बळी आणि सामुदायिक पूजा मंदिराच्या बाहेर, बहुधा पूर्वेकडील दारासमोरच्या वेदीवर, उघड्या आकाशाखाली होत असे. साहजिकच स्थपतीचे सारे कौशल्य बाहेरून दिसणाऱ्या रूपावर, म्हणजे गाभाऱ्याभोवतीच्या खांबांच्या वलयावर, एकवटले जाई.

सेलिनुन्तेपासून वायव्येस काही किलोमीटरांवर, कांपोबेल्लो दी माझारा या गावाजवळ, कूझाच्या खाणी आहेत. सुमारे १.८ किलोमीटर लांबीची ही मऊसर, पिवळट चुनखडीची पट्टी आज ऑलिव्हच्या झाडांनी आणि रानगवताने वेढलेली असून, रूढ अर्थाने तेथे इमारत अशी एकही नाही. खडकाच्या पृष्ठभागावर मोठमोठी वर्तुळे कोरलेली दिसतात. काही केवळ रेघेपुरती, काहींभोवती हातभर खोल चर, आणि काहींभोवती माणूस आत उतरेल एवढा खंदक. ग्रीक खांब क्वचितच एकसंध दगडाचा असे; तो जात्याच्या तळ्यांसारख्या, पण त्याहून कितीतरी जाड, गोल दगडांची चवड रचून केला जाई, आणि या गोल दगडांना वास्तुशास्त्रात ‘ढोल’ म्हणतात. कूझाचा पाथरवट प्रथम खडकावर ढोलाचे वर्तुळ आखी, नंतर त्याच्याभोवती साधारण अर्धा मीटर रुंदीचा चर टाकीने खोदत खाली जाई, आणि हवी ती उंची मिळाली की तळाशी पाचरी ठोकून ढोल मूळ खडकापासून सोडवी. चराची रुंदी एका माणसाला अंग आखडून काम करता येईल इतकीच आहे, कारण त्याहून जास्त रुंद चर म्हणजे वाया गेलेली मेहनत. या एका मापावरून त्या कामगाराच्या देहाचा आणि त्याच्या दिवसाचा जितका अंदाज येतो, तितका कोणत्याही शिलालेखावरून येत नाही. चरांच्या भिंतींवर टाकीचे तिरपे घाव अजून स्पष्ट आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे अपुरे लेणे आठवावे असे हे दृश्य आहे, फरक एवढाच की लेण्यात दगड काढून टाकून जागा मिळवायची असते आणि खाणीत जागा खोदून दगड मिळवायचा असतो.

सुटा झालेला ढोल हलवणे हे त्याहून अवघड काम होते. ३ मीटर व्यासाच्या आणि २ मीटर उंचीच्या ढोलात सुमारे १४ घनमीटर दगड असतो, आणि चुनखडी कितीही मऊ व हलकी धरली तरी त्याचे वजन २५ टनांच्या आसपास भरते. कोणत्याही लाकडी गाडीचा आस अशा ओझ्याखाली टिकणे कठीण. यावरचा एक उपाय रोमन वास्तुशास्त्रकार व्हिट्रुव्हिअस याने नोंदवला आहे. आशिया मायनरमधील एफेसस येथील आर्टेमिस देवीच्या मंदिराचा स्थपती खेर्सिफ्रॉन याने खांबाच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंट शिसे ओतून बसवले आणि त्यांभोवती लाकडी चौकट जोडून, रस्त्यावर फिरणाऱ्या रुळाप्रमाणे, तो खांबच बैलांकरवी लोळवत नेला, असे त्याचे म्हणणे आहे. थोडक्यात, ज्याला वाहून न्यायचे त्यालाच चाक बनवायचे. कूझाच्या ढोलांच्या बाबतीत नेमकी हीच युक्ती वापरली गेली असे खात्रीने म्हणता येत नसले, तरी काही ढोल खाणीबाहेर पडून सेलिनुन्तेच्या दिशेने निघाले होते आणि वाटेतच राहिले, हे त्यांच्या आजच्या जागांवरून दिसते.

हे ढोल ज्या मंदिरासाठी निघाले होते ते ‘जी’ मंदिर सेलिनुन्तेच्या पूर्वेकडील टेकडीवर आहे, किंवा अधिक नेमके बोलायचे तर तेथे त्याचा ढीग आहे. सुमारे ११० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद अशा जोत्यावर, दर्शनी बाजूस ८ आणि लांबीच्या बाजूस १७, असे एकूण ४६ खांब उभे करण्याची योजना होती; खांबाची उंची १६ मीटरांच्या घरात, म्हणजे पाच मजली इमारतीएवढी. काम इ.स.पू. ५३०च्या सुमारास सुरू झाले आणि पुढील शंभरेक वर्षे चालत राहिले, त्यामुळे एका टोकाच्या स्तंभशीर्षांची घडण जुन्या पद्धतीची, पसरट आणि फुगीर, तर दुसऱ्या टोकाची नव्या पद्धतीची, आखूड आणि ताठ रेषांची झाली. एकाच इमारतीत आजोबांची आणि नातवाची अभिरुची शेजारी शेजारी उभी राहिली. येथे सापडलेल्या एका शिलालेखात विजय मिळवून देणाऱ्या देवदेवतांची यादी असून, तीत झ्यूसच्या पाठोपाठ ‘फोबोस’ म्हणजे साक्षात भय या देवतेचे नाव येते, ही युद्धप्रवण नगराच्या मनोवृत्तीची बोलकी खूण मानावी लागेल. भूकंपांनी हे सारे बांधकाम जमीनदोस्त केले, आणि आज ढोलांच्या त्या डोंगरातून एकच खांब वर डोकावतो. एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभा केलेल्या या खांबाला स्थानिक लोक ‘म्हातारीची चाती’ म्हणतात. बारकाईने पाहिल्यास काही ढोलांवर उभ्या पन्हळी कोरलेल्या आहेत आणि कित्येकांवर नाहीत, हे लक्षात येते. या फरकाचा अर्थ सेजेस्ताला गेल्यावर उलगडतो.

सेलिनुन्तेचे सुमारे २७० हेक्टरांचे पुरातत्त्व उद्यान एका दिवसात पायी पाहणे दमवणारे आहे, आणि घाई असल्यास ‘ई’ मंदिर पुरे. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यातील, बहुधा हीरा देवीचे हे मंदिर पडलेल्या तुकड्यांतून १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभारण्यात आले. मूळ दगड हुडकून मूळ जागी बसवण्याच्या या पद्धतीला ‘अॅनास्टायलोसिस’ म्हणतात. पण येथे सिमेंटचा सढळ वापर झाल्याने अनेक जाणकारांनी त्यावर तेव्हाच टीका केली होती, आणि ती रास्त होती. असे असूनही, खांबांच्या रांगेतून आत शिरताना प्रकाश आणि सावली कशी आलटून पालटून येते, हे जमिनीवर पडलेले दगड कधीच सांगू शकले नसते. या मंदिराची शिल्पे पालेर्मोच्या पुरातत्त्व संग्रहालयात असून, त्यांतील स्त्रियांचे चेहरे, हात आणि पाय तेवढे पांढऱ्या संगमरवराचे आहेत व उरलेले अंग स्थानिक चुनखडीचे. चांगला संगमरवर बेटावर मिळत नसल्याने तो समुद्रापलीकडून आणून असा जपून वापरावा लागे.

बांधकामे का थांबली, याचे उत्तर सेलिनुन्ते आणि सेजेस्ता यांच्या जुन्या भांडणात आहे. सेजेस्ता हे मुळात ग्रीक नगरच नव्हते. तेथे राहणाऱ्या एलिमी लोकांचे पूर्वज ट्रॉयच्या पाडावानंतर पळून आलेले ट्रोजन होते, असे ग्रीक इतिहासकार थुसिडिडीझ सांगतो. ही कथा खरी असो वा नसो, त्यांची भाषा वेगळी होती आणि ती ते ग्रीक अक्षरांत लिहीत, हे खापरांवरील लेखांवरून सिद्ध झाले आहे. सीमेवरील जमिनीच्या आणि विवाहसंबंधांच्या वादातून इ.स.पू. ४१६ मध्ये सेलिनस आणि सेजेस्ता यांच्यात पुन्हा युद्ध पेटले, तेव्हा सेजेस्ताने अथेन्सकडे मदत मागितली आणि खर्च आपण करू असे आश्वासन दिले. खात्री करून घेण्यासाठी आलेल्या अथेनियन शिष्टमंडळाला त्यांनी कसे फसवले, याचे थुसिडिडीझने दिलेले वर्णन प्रसिद्ध आहे: एरिक्स या नगरातील देवालयातील चांदीची भांडी, जी दिसायला भारी पण मोलाने बेताची होती, त्यांना दाखवण्यात आली, आणि घरोघरी दिलेल्या मेजवान्यांत गावातून व शेजारच्या नगरांतून उसने आणलेले तेच सोन्याचांदीचे पेले प्रत्येक यजमानाने आपले म्हणून मांडले. त्यानंतर सेजेस्ताने साठ जहाजांच्या एका महिन्याच्या पगारापोटी ६० टॅलंट चांदी अथेन्सला पोचवली. टॅलंट हे सुमारे २६ किलोंचे वजन, म्हणजे ही रक्कम दीड टनांहून अधिक चांदीची झाली. प्रत्यक्ष आरमार सिसिलीत उतरले तेव्हा मात्र तिजोरीत आणखी ३० टॅलंटच निघाले. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीतील सिराक्यूज या ग्रीक नगरासमोर अथेन्सच्या त्या मोहिमेचा संपूर्ण विनाश झाला, ज्यातून अथेन्स पुन्हा पूर्णपणे सावरले नाही.

निराधार झालेल्या सेजेस्ताने मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कार्थेजला साकडे घातले. इ.स.पू. ४०९ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल मोठी फौज घेऊन उतरला. हा हत्तींसह आल्प्स ओलांडणारा हॅनिबल नव्हे, तो सुमारे दोनशे वर्षांनंतरचा. वेढ्याचे बुरूज आणि भिंत फोडणारे ओंडके घेऊन आलेल्या या फौजेने नऊ दिवसांत सेलिनस घेतले. डायोडोरस या सिसिलीतच जन्मलेल्या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे १६,००० लोक मारले गेले, ५,००० कैद झाले आणि २,६०० जण निसटून अक्रागास म्हणजे आजच्या अॅग्रिजेन्तोला पोचले. प्राचीन इतिहासकारांचे आकडे सावधपणेच घ्यावे लागतात, पण नगर पुन्हा पूर्वपदाला आले नाही हे निर्विवाद आहे. कूझाच्या कामगारांनी शत्रू आल्याचे ऐकताच हातातील टाकी टाकून पळ काढला, असे वाटाडे रंगवून सांगतात. खाणीतील दगडावरून दिवस-वार ठरवता येत नाही, आणि काम त्याआधीच मंदावले असण्याचीही शक्यता आहे; तरीही इतक्या वेगवेगळ्या टप्प्यांवर एकाच वेळी सोडून दिलेले काम पाहिले, की त्या कथेला अगदीच हसण्यावारी नेता येत नाही.

सेजेस्ताचे मंदिर याच भांडणाच्या काळातले, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटच्या तीसेक वर्षांतले आहे. नगराच्या तटाबाहेर, एका खोल घळीच्या काठावरील टेकडीवर, दर्शनी बाजूस ६ आणि लांबीच्या बाजूस १४ अशा एकूण ३६ खांबांचे वलय त्यांवरील तुळयांसह आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी दर्शनी भिंतींसह जवळजवळ अभंग उभे आहे. आत मात्र गवताळ जमीन आणि वर आकाश. शैली डोरिक आहे, म्हणजे खांबाला खाली बैठक नसलेली, सपाट शीर्षाची आणि तुळईवर तीन उभ्या पट्ट्यांची नक्षी असलेली, ग्रीक शैलींतील सर्वांत भारदस्त. पण डोरिक खांबावर नेहमी असणाऱ्या, बहुधा २० उभ्या पन्हळी येथे एकाही खांबावर नाहीत. त्याचे कारण असे, की पन्हळी खांब उभा राहिल्यानंतर, सर्वांत शेवटी कोरल्या जात. खाली असतानाच त्या कोरल्या असत्या तर ढोल चढवताना त्यांच्या धारदार कडा फुटल्या असत्या आणि एका ढोलाची रेघ दुसऱ्याशी जुळली नसती. म्हणून ढोलावर वरचा जाड थर मुद्दाम राखून ठेवला जाई, आणि सेजेस्ताचे खांब आज पाहणाऱ्याला इतके दणकट वाटतात ते या न काढलेल्या थरामुळे. तीच गोष्ट जोत्याची. पायऱ्यांच्या चिऱ्यांवर मुठीएवढी दगडी बोंडे पुढे आलेली आहेत. चिरा उचलताना, सरकवताना दोर किंवा पहार अडकवण्यासाठी ती ठेवली जात आणि काम संपताना छाटून टाकली जात. सर्वांत वरच्या पायरीचे काही चिरे खांबांच्या मधल्या जागांत बसवायचेच राहून गेल्याने खांब स्वतंत्र चौथऱ्यांवर उभे असल्यासारखे भासतात, आणि डोरिक खांबाला बैठक नसते हे वाचून आलेला माणूस तेथे क्षणभर गोंधळतो.

हेमाडपंती मंदिरांप्रमाणेच ग्रीक मंदिरेही चुन्याशिवाय, चिऱ्याला चिरा घासून बसवलेली असत, फक्त जोडावर शिशात बसवलेल्या लोखंडी कड्यांचा आधार घेतला जाई. अशा बांधकामात अचूकपणा हाच चुना असतो, आणि सेजेस्ताच्या जोत्यात तो थक्क करणारा आहे: हे जोते सपाट नसून लांबीच्या मध्यावर अगदी किंचित उंचावलेले आहे. लांबलचक आडवी रेषा मध्ये खचल्याचा भास होऊ नये यासाठी, असे या सूक्ष्म वक्रतेचे स्पष्टीकरण व्हिट्रुव्हिअस देतो, आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अथेन्सचे पार्थेनॉन हे आहे. ग्रीक नसलेल्या नगराने असे मंदिर बांधावे याचा अर्थ एवढाच, की तेथे काम करणारे स्थपती आणि पाथरवट ग्रीक जगातील अद्ययावत विद्या घेऊन आले होते.

आतील मोकळ्या जागेने अभ्यासकांना बराच काळ चकवले. एलिमी लोकांच्या स्थानिक पूजेसाठी मुद्दामच बिनछपराचे, बिनगाभाऱ्याचे खांबांचे अंगण बांधले असावे, असे एक मत होते. दुसरे त्याहून रंजक मत असे, की पाहुण्या अथेनियनांवर छाप पाडण्यासाठी उभारलेला तो देखावा होता, उसन्या पेल्यांचीच दगडी आवृत्ती. दुसरी कल्पना मोहक असली तरी पटण्यासारखी नाही, कारण जोत्याला सूक्ष्म बाक देत बसणाऱ्या माणसाचा हेतू एका दौऱ्यापुरता डोळे दिपवण्याचा नसतो. पहिल्या मताला जर्मन पुरातत्त्वज्ञ डीटर मेर्टेन्स यांच्या संशोधनाने उत्तर मिळाले: गाभाऱ्याच्या पायाच्या कामाच्या खुणा जमिनीत सापडल्या, म्हणजे गाभारा योजलेला होता आणि त्याचे काम मागून व्हायचे होते. त्यानंतर छपराच्या तुळया, कौले आणि शेवटी रंग यांची पाळी आली असती. हा शेवटचा टप्पाही विसरण्यासारखा नाही. सिसिलीतील चुनखडीच्या मंदिरांवर पांढऱ्या, गुळगुळीत गिलाव्याचा थर दिला जाई आणि वरच्या भागावर लाल व निळा रंग चढवला जाई. संध्याकाळी मधाच्या रंगाने उजळणारा जो दगड आजच्या छायाचित्रांचा विषय झाला आहे, तो बांधणाऱ्यांच्या मते लोकांसमोर येण्याजोगा नव्हताच.

ज्या मंदिराला छप्पर नाही त्याला आग लागण्याजोगे लाकूड नसते आणि ज्यात मूर्ती बसलेली नाही त्यात लुटण्याजोगे फारसे नसते. शिवाय नगरापासून ते अलग पडलेले असल्याने त्याचे दगड काढून नेणेही सोयीचे नव्हते, आणि ३६ खांब उभे राहण्यामागे या गोष्टींचा वाटा असावा. १७८१ मध्ये नेपल्सच्या राजाच्या आदेशाने त्याची डागडुजी झाली. त्यानंतर सहा वर्षांनी, १७८७च्या वसंतात, जर्मन कवी गटे तेथे आला. त्या काळचे बहुतेक प्रवासी उद्ध्वस्त भव्यतेवर उसासे टाकत असताना त्याने वाकून पायऱ्यांच्या चिऱ्यांवरील बोंडे पाहिली आणि मंदिर कधीच पूर्ण झाले नव्हते याचा पुरावा म्हणून त्यांची नोंद केली. सेजेस्ताला जाणाऱ्याने, समोरच्या मोन्ते बार्बारो डोंगरावरील प्राचीन नाट्यगृह सकाळी पाहून, मंदिर उतरत्या दुपारसाठी राखून ठेवावे. डोक्यावरच्या उन्हात ही बोंडे दगडाच्या रंगात विरून जातात. ऊन तिरपे झाले, की प्रत्येक बोंडाची सावली लांबते आणि कोणता चिरा कोणत्या बाजूने उचलला होता ते पायरी-पायरीने ओळखता येते.